गलती नंबर तीन

कामठीला, कवायतीच्या शेडच्या खिडक्यांवर
काळी कांबळी ठोकून आम्ही भर दुपारी रात्र करायचो.
मशीन माझ्या ताब्यात. सोळा मिलिमीटर,
बल्ब असा तापायचा की वर भाकर शेकावी.
ऑक्टोबर, एकाहत्तर. तुकडीमागून तुकडी येत होती
आणि प्रत्येक तुकडीसमोर
दौलत निनावे मरत होता.

चुकायला एकही शिपाई तयार होईना.
पडद्यावरचा का असेना,
अपशकुन तो अपशकुन, हवालदार म्हणाले.
म्हणून पाचपावलीहून हा कोष्टी आणला,
दिवाळीनंतर झाडीपट्टीत राजे करणारा.
वर्दी ढगळ, पाठीमागे टाचण्या.
सात रुपये रोज, मेसचं जेवण.
पडद्यावर नाव नाही;
ती सोय आडनावातच होती.

पहिल्या चुकीत तो अंधारात विडी पेटवतो.
दुसरीत डोकं वर काढतो.
तिसरीत कन्हानच्या वाळूतून चालत येतो,
गवतात तार आहे, त्याला ती दिसत नाही,
आणि दिल्लीचा खर्जातला आवाज म्हणतो,
'गलती नंबर तीन.'
मग धूर.
मग टोपी, एकटीच, वाळूवर.

पोरं हसायची.
हसू द्या, सुभेदार म्हणायचे, हसलेलं ध्यानात राहतं.
पुन्हा लावा.
मी पुन्हा लावायचो.
भंडाऱ्याकडच्या पोरांची एक तुकडी तर
तो तारेजवळ आला की ओरडायची,
'अबे, खाली पाह्य! खाली पाह्य ना बे!'
चाळीस गळे. शेडचे पत्रे वाजायचे.
त्यानं एकदाही खाली पाहिलं नाही.

एका रविवारी दौलत स्वतः आला, बायकोला घेऊन.
मागच्या बाकावर बसवलं दोघांना.
तिसऱ्या चुकीला तिनं डोळे मिटले नाहीत.
बाहेर येऊन चपला शोधता शोधता म्हणाली,
'टोपी कोनाची होती? तुमच्या डोक्याले मोठी होते थे.'

डिसेंबरात शेड रिकामी झाली.
मशीनवर मी खोळ घातली.
रेडिओ ऐकला, सगळ्यांनी ऐकला तसाच.

मार्चात पवनीचा मोरेश्वर लांजेवार
कुबड्या घेऊन माझ्याकडे आला.
त्या चाळीस गळ्यांतला एक.
म्हणाला, त्या मानसाचं घर दाखवा.

दौलत मागावर होता. खड्ड्याच्या मागावरचा माणूस
कमरेपासून वरच दिसतो.
लांजेवार दारातच थबकला,
बराच वेळ त्या खड्ड्याच्या काठाकडे पाहत राहिला.
मग म्हणाला,
'तार दिसली मले. तुमच्या शिनेमात होती तशीच, गवतात.
थांबलो. मांगच्यायले हात केला.
वलांडली.
पल्याडच्या पावलाचा शिनेमा नव्हता ना, दादा.'

धोटा दौलतच्या हातातच.
'मांगचे?'
'मांगचे सारे आले.'

आत स्टोव्हला कोणीतरी हवा भरत होतं.
दौलत खड्ड्यातून वर आला,
आधी एक पाय,
मग थोडं थांबून,
लपवता येईना म्हणून,
दुसरा.

जूनमध्ये नवी तुकडी बसली.
तार आली तसं मी मशीन थांबवलं.
सुभेदार ओरडले, काय झालं?
म्हटलं, साहेब, तारेपलीकडची वाळू बघू द्या यांना,
हातभरच आहे, बघू द्या.
पोरं बघत होती.
थांबलेली फिल्म बल्ब जाळतो, हे मला ठाऊक होतं.
आधी एक तांबूस ठिपका,
बरोबर तिथं, पुढचं पाऊल पडलं असतं तिथं,
मग तो पसरत गेला, तार गेली, गवत गेलं,
दौलतचे गुडघे गेले,
आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड उरला.
कोणी हसलं नाही.

चार फूट फिल्मचे पैसे
माझ्या पगारातून कापले.